साहेबांची निषिद्ध यादी

घोड्याच्या मागे उभं राहून शिट्टी कशी वाजवायची, हे मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नाही. ते साहेबांनी शिकवलं. आणि साहेबांना स्वतःला शिट्टी येत नव्हती! ओठांचा चंबू करून ते नुसतं फू फू करायचे, चष्म्यावर वाफ धरायची, मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "बीएस्सी, तू वाजव. लांब आणि सावकाश. घाई केलीस की जनावर बिचकतं आणि आवरून धरतं."

काय आवरून धरतं म्हणता? लघवी हो! घोड्याला शिट्टी ऐकवली की तो मोकळा होतो, हे टांगेवाल्यांना आजोबा-पणजोबांपासून माहीत आहे. आम्हाला ते नमुना घेण्यासाठी हवं होतं. बांबूच्या टोकाला डालडाचा डबा बांधून मी शिट्टी मारतोय, शेजारी टाय लावलेले साहेब घड्याळ धरून उभे, आणि भोवती बदलापुरातली अख्खी बेलवली हसतेय, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते आजही मला रस्त्यात भेटले की आधी शिट्टी मारतात आणि मग "कसं काय" विचारतात.

साहेब म्हणजे अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगांची रसायनं बनवणारी आमची कंपनी, तिच्या लॅबचे चीफ केमिस्ट. मी कॉलेजातून थेट त्यांच्या हाताखाली आलो. पहिल्याच दिवशी मी एका बाटलीकडे बघून म्हणालो, "सर, साधारण पन्नास मिली असेल." झालं! साहेबांनी पेन खाली ठेवलं. "साधारण हा शब्द बाहेर ठेवून या. चपला काढतात तिथे." आणि खरंच मला बाहेर पाठवलं. मी दरवाजाबाहेर दोन मिनिटं चपलांच्या शेजारी उभा राहिलो आणि परत आलो. तेव्हापासून मी त्यांचा बीएस्सी. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

घरीही तीच तऱ्हा. बेलवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत लोणच्याच्या बरणीवर बॅच नंबर, तुपाच्या डब्यावर कढवल्याची तारीख. रोजच्या जेवणातली चमचाभर आमटी छोट्या बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ती सात दिवस जपायची. का? तर उद्या कोणाचं पोट बिघडलं तर राखीव नमुना हाताशी असावा! वहिनी सोशिक म्हणून चाललं. एकदा मी जेवायला होतो तेव्हा त्या मला वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, आमच्या लग्नात ह्यांनी मंगलाष्टकांच्या आधी भटजींकडचं तीर्थ मागून घेतलं होतं. मला वाटलं, काय भाविक माणूस आहे! बघते तर खिशातून बाटली काढली."

"मग? निघालं काय त्यात?" मी विचारलं.

साहेब आमटी भुरकत म्हणाले, "क्षार जास्त होते. बाकी ठीक."

असा हा माणूस घोड्यांच्या नादी लागला कसा? त्यांना तर घोड्याजवळ गेलं की शिंका यायच्या. एक नाही, सहा-सहा, सात-सात. तरी खरवईच्या गोमाकाकांच्या टांग्यातूनच ते रोज घरून स्टेशनला जायचे, कारण रिक्षावाले म्हणे मीटरशिवाय "साधारण" बोलतात. गोमाकाका पुढे, साहेब मागे नाकाला रुमाल लावून, आणि सगळ्यांच्या पुढे चंद्री. चंद्री म्हणजे गोमाकाकांची घोडी. तपकिरी अंग, कपाळावर पांढरा चांद, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की तुमचं सगळं चुकतंय पण मी काही बोलणार नाही.

तर त्या सुमारास कंपनीत नवं यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्याची मुलगी तिकडे लांब पल्ल्याच्या घोडदौडीत भाग घ्यायची. जाताना तो नियमांचं एक पुस्तक टेबलावर विसरून गेला. साहेबांनी ते जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि दोन आठवडे पोथीसारखं वाचलं. मला बोलावून बोलावून सांगायचे, "बीएस्सी, ऐक! अर्ध्या वाटेत घोडा थांबवतात आणि नाडी बघतात. चौसष्टच्या खाली उतरली तरच पुढे सोडतात. पहिला आला आणि नाडी उतरली नाही, तर बाद! लंगडला, बाद! आणि लघवी तपासतात! चहा सापडला तरी बाद! अरे, हे लोक शर्यत लावत नाहीत, हे क्वालिटी कंट्रोल करतात!" असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पगारवाढीलाही पाहिला नाही.

आता आमच्याकडे बदलापुरात जत्रेला घोड्यांची शर्यत व्हायचीच. पण ती कशी? घोड्याला आदल्या दिवसापासून देशी पाजायची, अफूची गोळी चारायची, शेपटीखाली मिरची लावायची आणि सोडायचं उधळून. आदल्या वर्षी एक घोडा पल्ला संपवून जो बसला तो उठलाच नाही. तो साहेबांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यावर ते कधी बोलले नाहीत, पण जत्रेच्या पाटलांच्या ओसरीवर ते पुस्तक घेऊन जे बसले ते पाटलांनी हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. पाटील मला नंतर म्हणाले, "अरं, तिसऱ्या दिवशी आमच्या मंडळींनी त्यांना न विचारताच पान वाढलं. मग म्हटलं, हो म्हणून टाकलेलं बरं."

ठरलं. बेलवलीच्या मैदानातून निघायचं, नदीचा पूल ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं, धरणापाशी नाडीची तपासणी, आणि परत. आणि तपासनीस? साहेब. छातीवर पुठ्ठ्याचा गोल बिल्ला, त्यावर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात "तपासनीस". मी साहाय्यक. मला बिल्ला नाही, बांबू.

मग निघाली ती निषिद्ध यादी. सायक्लोस्टाइल करून साहेबांनी ती देवळात, टांगा स्टँडवर, पिठाच्या गिरणीत चिकटवली. देशी, विलायती, अफू, भांग, तंबाखू, चहा, कॉफी, मिरची, कापूर, खसखस, दुखणं मारायची इंजेक्शनं. शर्यतीआधी तीन दिवस यातलं काहीही घोड्याच्या पोटात किंवा अंगावर सापडलं तर घोडा बाद. खाली जाड अक्षरात: "पदार्थ कोणी दिला, चुकून दिला की मुद्दाम, याचा विचार केला जाणार नाही. घोड्यात सापडलं की घोडा बाद. देणारा कळल्यास त्याच्यावर एक वर्ष बंदी."

गावात नुसता दंगा! पहिला प्रश्न आला लिंबू-मिरचीचा. नजर लागू नये म्हणून घोड्याच्या गळ्यात बांधतात ना, त्यात मिरची आहे की नाही? साहेब दोन दिवस पुस्तक उलटसुलट करत बसले. पुस्तकात नजरेबद्दल काही नव्हतं! शेवटी निर्णय दिला, "लिंबू गळ्यात चालेल. मिरची वेगळी करून मालकाने स्वतःच्या गळ्यात बांधावी." आणि खरं सांगतो, त्या वर्षी चार धट्टेकट्टे टांगेवाले गळ्यात मिरच्यांच्या माळा घालून फिरत होते!

मग आला भगत. घोड्याच्या कपाळाला तो अंगारा लावायचा आणि चिमूटभर चाटवायचा. "माझा अंगारा पन बंद का?" साहेबांनी नमुना घेतला, लॅबमध्ये मला दिला. मी तपासला. राख, दुसरं काय असणार? साहेबांनी कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, "अंगारा निर्दोष." भगताने तो कागद काचेत घालून देवाशेजारी टांगला. त्याच्याकडे गर्दी दुप्पट झाली हो! लोक म्हणायचे, लॅबोरेटरी पास भगत आहे.

पण खरी जुगलबंदी झाली ती उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. तिथले एक सिंधी शेठ लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवायचे. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचा तबेला. त्यांची रानी नावाची पांढरीशुभ्र घोडी शर्यतीत उतरणार होती, म्हणून साहेब यादी घेऊन जातीने गेले. शेअर रिक्षात आम्ही दोघं, आणि मांडीवर एक शिवणयंत्र घेतलेला तिसरा.

शेठ दिलदार माणूस. गादीवर बसवलं, पापड आणले. यादी हातात घेऊन म्हणाले, "साईं, बादाम चलेगा?"

"चालेल."

"पिस्ता?"

"चालेल."

"घी, गुड़, दूध?"

"चालेल, चालेल, चालेल."

"तो फिर झगड़ा किस बात का! मेरी रानी रोज एक लोटा थादल पीती है, हमारी सिंधी ठंडाई. बादाम, सौंफ, खसखस..."

"खसखस बाद," साहेब म्हणाले.

शेठ हसायचे थांबले. "क्यूँ?"

"अफूच्या बोंडातलं बी आहे ते. लघवीत अफू दिसते."

"साईं! मैं पीता हूँ, मेरी बीवी पीती है, मेरी अम्मा अस्सी साल की पीती है. हम सब अफीमची हैं क्या?"

"तुम्ही पळणार आहात का शर्यतीत?"

शेठ असे हसले, असे हसले, की बाहेर बांधलेल्या रानीने खिंकाळून उत्तर दिलं. त्याच हसण्याच्या भरात त्यांनी जाहीर केलं, "जी घोडी पयली येल, ती माझ्याकडे वरातीला. हर सीझन, कायम! और मालिक को भी साथ में नौकरी."

हे ऐकून मी आणि साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. कारण गोमाकाकांचं काय चाललंय ते आम्हाला माहीत होतं. बदलापुरात रिक्षा वाढत होत्या, टांग्यात कोणी बसेना. काकांचा मुलगा कंपनीत लागला होता, तो म्हणायचा घोडी विका आता, चारा कुठून आणायचा? कल्याणकडचा एक व्यापारी जत्रेनंतरच्या सोमवारी येणार होता. तो घोडी कुठे नेतो हे सगळ्या स्टँडला ठाऊक होतं. वीटभट्टीवर. तिथे जनावर दोन वर्षं काढत नाही.

साहेबांनी शेठचा निरोप काकांना सांगितला तेव्हा काका चंद्रीच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे पयली आली तर माजी घोरी नवरदेव उचलंल. नायतर विटा." मग साहेबांकडे बघून विचारलं, "साहेब, जमंल का तिला?"

"नाडी उत्तम आहे," साहेब म्हणाले आणि सात शिंका दिल्या.

जत्रेचा रविवार उजाडला. सहा घोडे. त्यांतली चंद्री सगळ्यात म्हातारी आणि गोमाकाका सगळ्या स्वारांत म्हातारे, चंद्रीच्या पाठीवर खोगिराऐवजी गोणपाट. लोकांनी टिंगल केली. साहेब आणि मी पाटलांच्या स्कूटरवरून आधीच धरणावर जाऊन बसलो. फॅमिली डॉक्टरांकडून मागून आणलेला स्टेथोस्कोप साहेबांच्या गळ्यात. एकेक घोडा आला की साहेब छातीला नळी लावणार, "एकवीस, बावीस, तेवीस, आऽक्छी!" की पुन्हा पहिल्यापासून. एका टांगेवाल्याने हात जोडले, "साहेब, तुमच्या शिंकेनंच त्याची नाडी वाढतेय!" दोन घोडे तिथेच बाद झाले. रानी पास झाली. आणि चंद्री? चंद्रीची नाडी पहिल्याच मोजणीत चौसष्टच्या कितीतरी खाली. आरामात उभी होती बाई!

परतीला रानी पुढे होती, पण मैदानाच्या आधीच्या चढावर ती दमली. चंद्री आपल्या त्याच चालीने, स्टेशनच्या सव्वानऊच्या पॅसेंजराला सोडायला निघाल्यासारखी, तिच्या बाजूने पुढे निघून गेली. मैदानात शिट्ट्या, टाळ्या, गुलाल! गोमाकाका उतरले ते चंद्रीच्या गळ्यात पडले. पुन्हा नाडी, पास. चाल, पास. मग मी बांबू उचलला, लांब, सावकाश शिट्टी मारली, आणि चंद्रीने कसलेही आढेवेढे न घेता नमुना दिला.

पहिल्या तिघांच्या तीन बाटल्या घेऊन आम्ही स्कूटरवरून अंबरनाथला सुटलो. संध्याकाळी सहाला बक्षीस समारंभ, त्याआधी रिपोर्ट हवा. कंपनीच्या गेटवर वॉचमन आडवा आला. रविवारी माल आत न्यायचा तर रजिस्टरात लिहिल्याशिवाय नाही!

"क्या है साब?"

"घोड्याची लघवी," साहेबांनी खरं ते सांगितलं.

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो पेन घेऊन बराच वेळ विचार करत राहिला. "पार्टी का नाम?"

"चंद्री, रानी आणि बिजली," साहेब म्हणाले. तसंच लिहिलं त्याने!

लॅबमध्ये साहेब वेगळेच व्हायचे. बडबड बंद. नमुन्यातून क्लोरोफॉर्मने जे निघतं ते काढलं, काचेच्या पट्टीवर ओळीने ठिपके दिले, शेजारी तुलनेसाठी साध्या चहाचा एक ठिपका. पट्टी द्रावणात उभी केली. काही वेळाने आयोडीनच्या पेटीत ठेवली. चहाच्या रांगेत तपकिरी डाग उमटला. रानीच्या रांगेत त्या जागी काही नाही. बिजलीच्या रांगेत काही नाही. चंद्रीच्या रांगेत, चहाच्या डागाच्या बरोबर शेजारी, एक डाग.

"पट्टी खराब असेल," मी म्हणालो.

साहेबांनी दुसरी पट्टी केली. मग तिसरी. डाग तिथेच. मी म्हणालो, "साहेब, फार फिका आहे. साधारण..." आणि गप्प बसलो.

मैदानाशेजारच्या वडाखाली गोमाकाका चंद्रीला खरारा करत होते. अंगभर गुलाल. साहेब स्कूटर उभी करून सरळ त्यांच्यासमोर गेले. "गोमा, तीन दिवसांत घोडीला चहा दिलास?"

"देवाची आन साहेब, मी नाय दिला! घरचा च्या बिस्तरवारपासून, तीन दिस झाले, बंद. सुनेला पन सांगलंय."

"मग कोणी दिला?"

काका खरारा हातात धरून घुटमळले. वर बघितलं, खाली बघितलं. "सांगू?"

"सांग."

"तुमी."

आता हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण शपथेवर सांगतो, मलाही तोवर सुचलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी स्टेशनच्या टपरीवर साहेब चहा घ्यायचे. पेला स्वतःला, आणि बशी ओतून मागे न बघता हात लांब करायचा, ती चंद्रीला. बशी चाटल्याशिवाय ती स्टँडवरून हलायचीच नाही. हा प्रकार सगळ्यांच्या इतका डोळ्यांखालचा होता की कोणालाच दिसत नव्हता. आणि त्या दिवशी धरणावर, एका हातात घड्याळ धरून, दुसऱ्या हाताने साहेबांनी टपरीवाल्याकडून चहा घेतला, बशी ओतली आणि हात लांब केला होता. मी शेजारी उभा होतो! मी नाडीचे आकडे लिहीत होतो!

"अरे, मग तू बोलला का नाहीस?" साहेब म्हणाले.

"मना वाटला, साहेब सोता देतान म्हंजे ता नियमात बसत असंल," काका म्हणाले.

सहा वाजले. मंडपात पाटील, शेठ, भगत, सगळा गाव. साहेब मंचावर चढले, हातात ती काचेची पट्टी. "पहिली आलेली घोडी चंद्री. तिच्या नमुन्यात चहा सापडला. घोडी बाद."

जो गिल्ला झाला! "कोनी दिला? नाव सांगा!" लोक ओरडले.

"मी दिला."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि अख्खा मंडप हसत सुटला. पाटील डोळे पुसत उठले, "अहो साहेब, मग झालं तर! तुमीच दिलात, तुमीच सोडून द्या." शेठ म्हणाले, "साईं, एक बशी चाय! छोड़ो ना!"

साहेबांनी खिशातून यादी काढून शेवटच्या जाड ओळी वाचून दाखवल्या. मग म्हणाले, "हा नियम मी लिहिला. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सगळे टांगेवाले होते. मी नव्हतो. आता मी सापडलो म्हणून तो खोडता येणार नाही. पुढच्या वर्षी कोणीही अफू देईल आणि म्हणेल, चुकून." छातीवरचा बिल्ला काढून त्यांनी माझ्या शर्टाला लावला. "देणाऱ्यावर एक वर्ष बंदी. आजपासून मी घोड्यांच्या बाबतीत काहीही बोलायला पात्र नाही." आणि मंचावरून उतरून सगळ्यांत मागे, आइस्क्रीमच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

नंबर गेला रानीला. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "मेरी घोड़ी को मेरे ही घर में नौकरी दूँ क्या?" मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, शेठ, चंद्रीलाच घ्या ना. ते खरोखर वाईट वाटून म्हणाले, "भरी सभा में बाद बोल दिया, भाई. शादी का मामला है. लड़कीवाले पूछेंगे." गुलालाने माखलेल्या चंद्रीला घेऊन गोमाकाका खरवईकडे चालत निघाले, वर बसलेसुद्धा नाहीत. मला साहेबांचा असा राग आला होता की विचारू नका. एवढा खरेपणा करायचा तर स्वतःच्या जिवावर करावा ना!

सोमवारी साहेब कामावर आले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून खरवईला गेलो, तर साहेब काकांच्या अंगणात खाटेच्या कडेवर, शिंका देत बसलेले. टाय तसाच. काका शेजारी. काकांचा मुलगा दारात उभा. आणि कल्याणचा व्यापारी चंद्रीचे दात बघत होता.

दात बघून झाले, खूर बघून झाले, सौदा पटला. व्यापाऱ्याने लगाम धरला. "चल बेटा."

चंद्री हलली नाही.

त्याने ओढलं. चुचकारलं. मागून ढकललं. गूळ दाखवला. चाबकाच्या नुसत्या दांड्याने थोपटलं. घोडी चारी पाय रोवून उभी, चेहऱ्यावर तोच भाव. व्यापारी घामाघूम झाला. "काय रे, अडेल आहे काय ही? काल तर पयली आली म्हणे! भट्टीच्या वाटेवर अशी बसली तर माझा धंदा बुडंल."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. आज सोमवार. आज साहेब स्टेशनवर गेले नव्हते. आणि आता साहेब समोर बसलेले दिसत होते, पण बशी मिळाली नव्हती! मी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते, कानाच्या पाळ्या लाल. त्यांनाही ठाऊक होतं. आणि साहेबांना? साहेबांना तर काल पट्टीवर लेखी मिळालं होतं. एक बशी चहा, आणि घोडी भट्टीपर्यंत दुडक्या चालीने गेली असती.

व्यापारी कपाळ पुसत साहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही ते घोडे तपासणारे ना? तुमचं नाव ऐकलंय, खोटं बोलत नाही म्हणतात. सांगा, हिला काय झालंय? आजार आहे, की नुसता नखरा?"

मेलो, म्हटलं. आता हा माणूस सांगणार! राखीव नमुन्यासकट सांगणार! साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चंद्रीकडे बघितलं.

"मला मत देता येत नाही," साहेब म्हणाले. "माझ्यावर बंदी आहे. काल संध्याकाळी सहापासून, एक वर्ष."

"कसली बंदी?"

"घोड्यांविषयी बोलायची. गावाने ऐकलंय. कोणालाही विचारा."

"मग आता कोणाला विचारायचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बिल्ला माझ्या कालच्याच शर्टावर होता, मी काढायचा विसरलो होतो. इतकी वर्षं साहेबांच्या हाताखाली काय नुसती शिट्टी शिकलो? म्हणालो, "नमुना घेतल्याशिवाय मीही काही सांगू शकत नाही. लॅबमध्ये न्यावा लागेल. रिपोर्ट शनिवारी."

"खड्ड्यात गेला तुमचा रिपोर्ट!" व्यापाऱ्याने लगाम टाकला, पैसे परत खिशात घातले आणि टेम्पोत जाऊन बसला. टेम्पो वळला, धूळ उडाली.

मग दारातला काकांचा मुलगा एकदम हसायला लागला. पोट धरून हसला. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "ठेवा बाबा तुमची घोरी! बघू चाऱ्याचा कायतरी. मी परत नाय विका म्हननार." आणि आत ओरडला, "अगं, च्या टाक!"

चहा आला. पेले आणि बश्या. गोमाकाका चंद्रीच्या मानेत तोंड खुपसून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते, आणि साहेब हातात पेला-बशी घेऊन उठले होते. दोन पावलं गेले आणि माझ्यामुळे अडले. माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे त्यांनी बघितलं.

"बीएस्सी," साहेब म्हणाले, "तू आता तपासनीस आहेस. जरा तिकडे तोंड कर."

मी तिकडे तोंड केलं.